रकाना अकरा

फॉर्म मी भरते.
माझं अक्षर सुटं, म्हणून सोसायटीने
बारा नौकांचे कागद माझ्या टेबलावर टाकलेत,
हंगामाआधी पुरे करायला.
वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर
जाळ्याची एक शिशाची गोळी.

जिनिव्हात म्हणे कोट घातलेली माणसं बसली
आणि त्यांनी ठरवलं
की बोटीवर चढणाऱ्याला
काय काय यायला हवं.
बरं केलं.
आमच्या नाट्यात हा विचार आजवर
फक्त बायका करायच्या, रात्री,
आणि कुठे लिहून ठेवायच्या नाहीत.

रकाना चार : नौकाप्रमुखाची पात्रता.
याकूबचाचा म्हसकर खुर्चीच्या टोकावर.
"लिही, चौथी नापास."
मग जरा थांबून, "दोनदा."
रकाना पाच : दिशा व खोलीचे ज्ञान.
"धुकं असलं तर शिशाला साबण फासायचा,
तळाला टेकवून वर ओढायचा.
चिखल चिकटला तर घर जवळ.
शिंपल्याचा चुरा आला तर
गप जाळं आवर आणि मागे फिर."
रकाना दीड इंचाचा.
मी लिहिलं : आहे.

मग खलाशी. सात जण, सगळे अछामचे,
नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरातले.
टेकबहादूर, लोकेंद्र, दोन धनराज.
शेठने पेन्सिलीने आधीच भरून पाठवलेलं.
रकाना अकरा : पोहता येते काय?
पहिल्या नावापुढे होय,
खाली नुसत्या दोन-दोन रेघा.

चाचांना अक्षर लागत नाही, रेघा लागतात.
"ह्या कसल्या?"
"वरच्यासारखं."
"आणि वर काय?"
मी सांगितलं.
खिडकीतून जेटी दिसत होती. पोरं
जाळ्याच्या ढिगात बसून गाठी मारत होती.
"तो निळ्या बनियनवाला, टेकबहादूर,
आला तेव्हा मला विचारत होता,
याचा पलीकडचा काठ कुठल्या गावात?
रबर आहे तुझ्याकडे?"

रबर होतं.
खोडताना ते बोलत राहिले, माझ्याशी नाही.
"दोन सालांमागं एक होता. करन.
पहाटे मागच्या फळीवर गेला, लघवीला.
इंजिनाच्या आवाजात हाक कोण ऐकतो.
आम्ही चहा सहा जणांत वाटला
तेव्हा एक कप उरला, मग कळलं.
त्याच्या कागदावरही
ह्याच दोन रेघा असणार."

सात वेळा नाही लिहिलं मी. सुटं.

शेठचा फोन आला. मोठ्याने.
एक दिवस म्हणजे किती डिझेल, किती बर्फ,
सगळा हिशेब मला पाठ झाला.
तोवर भांग लागला होता,
खाडी गुमान.
चाचांचा नातू, नववीतला, पाण्यात उभा,
सात डोंगरी माणसं एका दोरात ओवलेली,
कमरेला रिकामे डिझेलचे कॅन,
आणि एकेकाच्या नाकातोंडात
आमचा दर्या पहिल्यांदाच जात होता.
"पाय मार! अरे, चढ चढतोस तसा मार!"
दोराचं टोक चाचांच्या हातात.

चौथ्या दिवशी टेकबहादूर आला,
टेबलावर पाणी निथळत.
"मॅडम, आता होय?"
"किती जमतं?"
"खांबापासून खांबापर्यंत."
फॉर्मला होय चालतं, नाही चालतं.
मी थोडं लिहिलं.
परत आला कागद तर येऊ दे.

एक रकाना राहिलाय.
तांडेलाच्या कागदावरचा अकरावा.
विचारलं होतं मी, पहिल्याच दिवशी.
चाचा बाहेर बघत म्हणाले, "तो मागनं भर."
अडतीस वर्षं दर्यात, मी धरूनच चालले होते.
पण चारही दिवस बघत होते
ते जेटीच्या तिसऱ्या पायरीवर उभे,
पाणी गुडघ्याला,
चौथी पायरी उतरले नाहीत.

कागद अजून माझ्याकडेच,
शिशाखाली.